कोणी कोणाचं नाव घेतलं?

कोणी भाकरी थापत ऐकत असाल, कोणी शेंगा निवडत, कोणी गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे आपल्या कामाचं नाही. रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या माणसाचं काम किती मोलाचं, हे कसं मोजतात, ते आज आम्ही सांगणार आहोत. पण बटण बंद करायची घाई करू नका. आपल्या गावच्या मुली आता बारावीवर थांबत नाहीत. कोणी एम.एस्सी. करते, कोणी मुंबईला जाऊन पीएच.डी.ला नाव घालते. दिवाळीला घरी आली की तिच्या तोंडात नवे शब्द असतात. 'पेपर', 'सायटेशन', 'एच-इंडेक्स'. आणि कधी जेवताना हळूच सांगते, की पेपर छापून आणायला पैसे भरावे लागतील. आई लगेच कानातलं काढायला निघते. कशासाठी काढतोय, हे तरी आईला कळायला नको का?

आणखी एक कारण आहे. मोजमाप आपलंही होतंच. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. बँकेचा माणूस येतो, रजिस्टर चाळतो आणि गटाला दर्जा देतो. त्या दर्जावर कर्ज ठरतं. शास्त्रज्ञांचंही थोड्याफार फरकाने असंच आहे. त्यांचं रजिस्टर कसलं आणि त्यात काय लिहायचं राहून जातं, ते बघू.

आधी पेपर म्हणजे काय ते सांगतो. हा परीक्षेचा पेपर नव्हे. एखाद्याने प्रयोगशाळेत काही नवं शोधलं, की तो ते लिहून काढतो. काय केलं, कसं केलं, काय सापडलं. मग शास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवतो. तिथे त्याच विषयातले दुसरे जाणकार ते वाचतात, चुका काढतात, प्रश्न विचारतात. त्यांची खात्री पटली तर छापतात. याला शोधनिबंध म्हणतात, बोलीत पेपर.

पेपरच्या शेवटी एक यादी असते. हे काम करताना आधीच्या कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला, त्यांची नावं. आपण कसं सांगतो, 'ही चटणी मी साताऱ्याच्या मामींकडून शिकले.' मामींचं नाव घेतलं की मान मामींना जातो. शास्त्रातही नाव घ्यायची पद्धत आहे. आपल्याकडे लग्नात नाव घ्यायला लावतात, तिथे दर पेपरला घ्यावं लागतं. एकाने दुसऱ्याचं असं नाव घेतलं की तो झाला एक उल्लेख, म्हणजेच सायटेशन.

मग कोणाच्या तरी मनात आलं, की ही नावं मोजली तर? अमेरिकेतले यूजीन गारफील्ड हे मुळात रसायनशास्त्र शिकलेले गृहस्थ. त्यांच्या संस्थेने १९६४च्या सुमारास एक मोठी सूची बाजारात आणली. कोणत्या पेपरचं नाव पुढे कोणी कोणी घेतलं, हे तिच्यात शोधता यायचं. गारफील्ड यांचा मूळ उद्देश साधा होता. एखाद्या जुन्या कामाचा धागा पकडून नव्या कामापर्यंत पोचता यावं. पण सूची तयार झाली की मोजणं सोपं होतं, आणि मोजणं सोपं झालं की माणसं एकमेकांशी तुलना करू लागतात. दहावीच्या निकालाला गावात काय होतं, ते आपण बघतोच.

नुसते उल्लेख मोजले तर एक अडचण येते. ती सांगायला लालबागला जाऊ. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळला कोकणातले, घाटावरचे कामगार गाळ्यागाळ्यात राहायचे आणि बायकांच्या खानावळीत जेवायचे. समजा, अशाच एका खानावळवालीचे पाच पदार्थ आहेत. वालाचं बिरडं पुन्हा मागणारे ४० जण, आमटी पुन्हा मागणारे ९, पिठलं मागणारे ४, भरली वांगी मागणारे ३ आणि खीर मागणारा १. सगळे मिळून ५७. शेजारच्या खानावळवालीचे पण पाच पदार्थ. त्यांना पुन्हा मागणारे ६, ६, ५, ५ आणि ५. सगळे मिळून २७. आता सांगा, कोण सरस? बेरीज बघितली तर पहिली. पण पहिलीचा डोलारा एका बिरड्यावर उभा आहे. दुसरीचा प्रत्येक पदार्थ पाच तरी माणसं पुन्हा मागतात.

हा फरक दिसावा म्हणून कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एक माप सुचवलं. तेच एच-इंडेक्स. पेपर उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. मग बघायचं, की असे किती पेपर आहेत ज्यांना निदान तितकेच उल्लेख आहेत. पहिल्या बाईचे तीन पदार्थ असे, की ते प्रत्येकी तीन किंवा जास्त लोक मागतात. चौथ्याला चार हवे होते, तीनच आहेत. म्हणून तिचा एच-इंडेक्स ३. दुसरीचे पाचही पदार्थ पाच किंवा जास्त लोक मागतात, म्हणून तिचा ५. झालं. एवढंच गणित आहे. पुढच्या वेळी मुलगी म्हणाली, 'माझा एच-इंडेक्स २ आहे,' तर तुम्ही म्हणा, 'म्हणजे तुझ्या दोन पेपरची नावं दोन-दोनदा तरी कोणी घेतली आहेत, होय ना?' बघा तिचा चेहरा कसा होतो ते.

हे माप चांगलं आहे. पण ते पुरतं का? आम्ही त्यासाठी एक बाई निवडली आहे. तिच्यावर हे माप लावून बघू.

बाईंचं नाव कमला सोहोनी. माहेरच्या भागवत. जन्म १९११चा. मराठीतल्या थोर लेखिका दुर्गाबाई भागवत, १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, त्या यांच्या सख्ख्या बहीण. घरात वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबईतून बी.एस्सी. केलं, मुख्य विषय रसायनशास्त्र, आणि यादीत त्या वरच्या क्रमांकावर होत्या. पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकायचं म्हणून अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण काय? ही बाई आहे.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. गांधीजींचा काळ होता. त्यांनी रामन यांच्या कचेरीसमोर सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं धरलं जाईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-बेरात्रीही काम करायचं. आणि पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. वर्षभराने त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि तिथे बायकांना प्रवेश मिळू लागला.

मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. गुणांचा आकडा कमलाबाईंच्या बाजूने होता. तो बाजूला सारून तोंड बघून निर्णय झाला. म्हणून आकड्यांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांतले आम्ही नाही. ज्याच्या मागे वशिला नाही, आडनावाचा दबदबा नाही, त्याला आकडा हाच आधार असतो. आपल्या गटाचं रजिस्टर चोख असतं म्हणून बँकेतला साहेब आपल्याला खुर्ची देतो. रजिस्टर नसतं तर त्याने आपली लुगडी बघूनच निकाल लावला असता.

तिथून कमलाबाई इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करता करता त्यांनी दाखवून दिलं, की 'सायटोक्रोम सी' नावाचं द्रव्य वनस्पतींच्या पेशींमध्येही असतं. पेशीला श्वसनासाठी ते लागतं. १४ महिन्यांत काम पुरं करून त्यांनी प्रबंध दिला, आणि प्रबंध किती पानांचा? अवघ्या ४० पानांचा. पानं मोजून डिग्री द्यायची असती तर बाईंना हात हलवत परत यावं लागलं असतं. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव सांगितलं जातं.

त्याच वर्षी, १९३९ मध्ये, 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचा एक पेपर आला. केंब्रिजचे रॉबिन हिल यांच्याबरोबर. त्यावर बाईंचं आडनाव आहे भागवत. पुढे दिल्लीत, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून, १९४७ मध्ये लग्न झाल्यावर त्या मुंबईला आल्या. मंत्रालयाकडे जाणाऱ्या मादाम कामा रस्त्यावर दगडी इमारतीतली इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे. तेव्हा तिच्या नावात पुढे 'रॉयल' होतं. तिथे त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि पुढे संचालकही झाल्या. तिथूनच १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा पेपर आला. त्यावर आडनाव आहे सोहोनी.

एकच बाई, एकच नियतकालिक, मध्ये १६ वर्षं आणि दोन आडनावं. उल्लेख मोजणाऱ्या यंत्राला काय ठाऊक, की भागवत आणि सोहोनी एकच? त्याच्या लेखी त्या दोन बायका. माहेरच्या बाईच्या खात्यावरची पुंजी सासरच्या बाईच्या खात्यात आपोआप येत नाही. त्यातून इंग्रजीत भागवत हे नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, म्हणजे खाती आणखी वाढली. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं आणि सातबारावर तिसरं असलं म्हणजे काय हाल होतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. शास्त्रातल्या बाईचंही तेच होतं, आणि हा फटका पुरुषाला सहसा बसत नाही.

यावर आता उपाय निघाला आहे. २०१२ पासून संशोधकांना १६ आकड्यांचा एक क्रमांक फुकट मिळतो. त्याला 'ऑर्किड' म्हणतात. आडनाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो आणि सगळं काम त्याला जोडता येतं. तुमच्या मुलीने, सुनेने संशोधन सुरू केलं असेल तर पहिल्या पेपरच्या आधीच हा क्रमांक घेऊन ठेवायला सांगा. आणि लग्नानंतरही पेपरवर माहेरचंच नाव ठेवायचं म्हणाली, तर सासरच्यांनी रुसू नये. त्यात मानपानाचा प्रश्न नाही. ती तिची जमाखर्चाची वही आहे.

आता १९५५च्या त्या पेपरमध्ये काय होतं, ते ऐका. तो वालाबद्दल होता. हो, आपले कडवे वाल, ज्यांचं बिरडं करतो ते, आणि डबल बी. आपण खातो त्या प्रथिनांचं पचन व्हायला पोटात ट्रिप्सिन नावाचा पाचकरस लागतो. कच्च्या कडधान्यात असं काहीतरी असतं, की ते या ट्रिप्सिनला अडवतं. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते अडवणारं द्रव्य वालातून आणि डबल बीमधून काढून त्याचे स्वच्छ स्फटिक केले. आपली आजी वाल भिजत घालायची, मोड आणायची, सोलायची आणि नीट शिजवल्याशिवाय ताटात वाढू द्यायची नाही. चांगल्या शिजवण्याने हे अडवणारं द्रव्य बरंचसं निकामी होतं. आजीच्या हाताला जे कळत होतं, त्याचं कारण मुंबईच्या प्रयोगशाळेत सापडत होतं. कडधान्यातल्या या द्रव्यांवर लिहिणारे आजही या कामाचं नाव घेतात. म्हणजे उल्लेखांच्या वहीत या कामाची नोंद होते. चांगलंच आहे.

पण उल्लेखांची सूची सुरू झाली १९६० नंतर. तोवर कमलाबाईंचं बरंचसं काम होऊन गेलेलं होतं. त्यांचे कितीतरी पेपर भारतातल्या नियतकालिकांत आले, आणि परदेशात केलेल्या सूच्यांत आपल्याकडची नियतकालिकं कमीच असायची. वही दुसऱ्या गावात ठेवलेली असेल तर आपल्या गावची नोंद तिच्यात राहणारच.

आता वहीत मुळीच न येणारं काम बघू. एक नीरेचं. नीरा म्हणजे शिंदीचा, ताडाचा पहाटे उतरवलेला, न आंबलेला रस. मुंबईच्या स्टेशनांवर नीरेचे स्टॉल तुमच्यापैकी काहींनी बघितले असतील. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतल्या पोषक द्रव्यांचा अभ्यास केला. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिली तर तब्येत सुधारते, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. ज्या पोरीच्या अंगी रक्त भरलं, तिने काही पेपर लिहून कमलाबाईंचं नाव घेतलं नाही. तिला ते नाव ठाऊकही नसेल.

दुसरं काम दुधाचं. आरेच्या दूध प्रकल्पाला दर्जा सुधारण्यासाठी त्यांनी सल्ला दिला. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतल्या बायका पहाटे अंधारात आरेच्या केंद्रासमोर बाटल्या घेऊन रांगेत उभ्या राहत. घरी आणलेलं दूध नासलं नाही, तर त्या बाईला त्यामागची शास्त्रज्ञ दिसत नाही. काम नीट झालं की ते दिसेनासं होतं. आपल्या घरकामाचं तरी दुसरं काय होतं?

तिसरं काम भेसळीचं. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था उभी केली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. नऊ जणी म्हणजे आपल्या एका गटाहूनही कमी. कमलाबाई या संस्थेत काम करू लागल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या, आणि संस्थेच्या 'कीमत' मासिकात ग्राहकांनी सावध कसं राहावं यावर लिहीत राहिल्या. मुलांसाठी मराठीतही त्यांनी विज्ञानाची पुस्तकं लिहिली. यातल्या एकाही अक्षराने एच-इंडेक्स पाव टक्क्यानेही वाढत नाही.

चौथं, हाताखाली घडवलेली माणसं. इथे दादरच्या पुढे माटुंग्याला जाऊ. तिथली रसायन तंत्रज्ञानाची संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. जुने लोक तिला यूडीसीटी म्हणतात. परळ-लालबागला गिरण्यांचा धूर निघत होता, कापड रंगवायला, धुवायला रसायनं जाणणारी माणसं हवी होती, म्हणून तिथे सुरुवातीच्या विषयांत कापडाचं रसायनशास्त्रही होतं. तिथले प्राध्यापक एम. एम. शर्मा यांना १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने फेलो निवडलं. त्यांच्या हाताखाली सत्तरच्या आसपास विद्यार्थी पीएच.डी. झाले. त्यांच्या पेपरचे उल्लेख मोजता येतात. पण त्या विद्यार्थ्यांनी कारखान्यांत जाऊन काय काय सुधारलं, ते कोणत्या रकान्यात लिहायचं? आईने चार पोरं शिकवली तर तिच्या नावापुढे कोणती पदवी लागते?

आता पैशाची गोष्ट. मघाशी कानातल्याचं म्हणालो ना, ती.

एखादं माप बक्षिसाशी जोडलं की माणसं कामापेक्षा मापाकडे जास्त बघू लागतात. गटाच्या कर्जाचा हप्ता वेळेवर दिसावा म्हणून एकीकडून उसने घेऊन दुसरीकडे भरण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. रजिस्टर स्वच्छ दिसतं, बाई मात्र दोन्हीकडून अडकते. शास्त्रातही असंच झालं. २०१०च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुणांचा हिशेब लावला. छापलेल्या पेपरला गुण. मग काय, पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं निघाली. जाणकार वाचत नाहीत, चुका काढत नाहीत. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली.

दुसरी युक्ती भिशीसारखी. तू माझं नाव घे, मी तुझं घेते. चार मित्र मिळून एकमेकांचे उल्लेख वाढवत बसतात. काहीजण तर आपल्याच पेपरमध्ये आपलंच नाव पुन्हा पुन्हा घेतात. आपली जुनी कामं सांगणं चूक नाही, पण स्वतःच उखाणा घ्यायचा आणि स्वतःच टाळ्या वाजवायच्या, हे किती दिवस चालणार?

म्हणून मुलीने पैशाचं सांगितलं तर तिच्यावर रागावू नका आणि लगेच दागिनेही काढू नका. आधी चार गोष्टी विचारा.

पहिली, नियतकालिकाचं नाव तुझ्या मार्गदर्शकांनी सुचवलं की त्यांच्याकडूनच मेल आली? आपणहून मेल पाठवून 'तुमचा थोर लेख द्या' म्हणणाऱ्यांपासून सावध. दुसरी, पेपर कोण वाचणार आणि किती दिवसांत? खरी तपासणी व्हायला आठवडे, महिने लागतात. तीन दिवसांत मंजूर म्हणजे कोणी वाचलंच नाही. तिसरी, कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारलंस का? त्यांना खरी-खोटी ओळखता येतात. चौथी, फी कशाची आणि ती माफ होते का? काही चांगली नियतकालिकंही फी घेतात, कारण पेपर सगळ्यांना फुकट वाचायला ठेवतात. पण फी न घेणारीही चांगली नियतकालिकं भरपूर आहेत.

आणखी एक माहिती सांगून ठेवतो. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, अशी सक्ती पूर्वी यूजीसीची होती. २०२२च्या नियमांत ती काढली. एखाद्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो लेखी मागून बघावा. 'पेपर नाही तर डिग्री नाही' असं कोणी तोंडी सांगितलं आणि पुढे पैशाचा आकडा सांगितला, तर नियम दाखवा म्हणायचं.

बाळंतपणाचंही सांगायला हवं. एच-इंडेक्स कधी खाली येत नाही, वर्षांबरोबर वाढतच जातो. त्यामुळे जो खंड न पडता काम करतो तो पुढे दिसतो. जी बाई दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण यात पाच वर्षं अडकली, तिचा आकडा लहान दिसतो. तिची बुद्धी लहान झालेली नसते. पंचविशीतल्या मुलीची आणि साठीतल्या प्राध्यापकांची, किंवा गणितातल्या माणसाची आणि औषधशास्त्रातल्या माणसाची, या आकड्यावर तुलना करणंही चुकीचं. प्रत्येक विषयात नाव घेण्याची रीत वेगळी. भाताचं आणि हरभऱ्याचं एकरी उत्पन्न आपण एका काट्यावर तोलतो का? खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनात येता यावं, म्हणून केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाच्या योजना आहेत. घरी बसलेली शिकलेली सून असेल तर तिला हे जरूर कळवा.

शास्त्रज्ञांनाही हे उमगलं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला काही शास्त्रज्ञ आणि संपादक जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा केला. पेपर कोणत्या नियतकालिकात छापला यावरून माणसाची किंमत ठरवू नका, काम वाचून ठरवा, असं त्याचं सार. जगभरच्या पुष्कळ संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

आमचंही म्हणणं तेच. आकडा ठेवा, पण आकडा म्हणजे काय ते समजून ठेवा. एच-इंडेक्स सांगतो, की दुसऱ्या पेपर लिहिणाऱ्यांनी नाव किती घेतलं. कोणाच्या चुलीवरचं अन्न सुधारलं, कोणाचं मूल बाळसं धरलं, कोणाच्या मागून किती जणींना दार उघडं झालं, हे तो सांगत नाही. ते विचारावं लागतं, जाऊन बघावं लागतं.

कमलाबाईंचं नाव तसं उशिराच घेतलं गेलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांनी दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा बाईंचं वय बरंच झालं होतं. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, १९९८ मध्ये, गेल्या. एका बाईचं काम दुसऱ्या बाईने ओळखलं, तोवर आयुष्य सरत आलं होतं.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा, एवढीच विनंती. गावातल्या संशोधन करणाऱ्या मुलींची नावं काढा आणि त्यांना एकदा गटात बोलवा, काय शोधता ते आपल्या भाषेत सांगा म्हणा. पेपरसाठी पैसे मागितले गेले असतील तर वर सांगितलेले चार प्रश्न त्यांच्याबरोबर बसून तपासा. आणि गटाच्या रजिस्टरला मागे दोन कोरी पानं असतील, त्यावर गेल्या वर्षात गटाने केलेली, पण कुठल्याच रकान्यात न बसणारी कामं लिहा. कोणाला रात्री दवाखान्यात नेलं, कोणाच्या मुलीचं लग्न लांबवून तिला शाळेत ठेवलं, कोणासाठी पोलीस ठाण्यात जाऊन बसलात. ज्या बाईने केलं, तिचं नाव घेऊन लिहा. बँकेचा साहेब आला की ती पानंही त्याच्या पुढ्यात ठेवा.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार.